धुवायला कोणी सांगितलं?

कातड्याचे तुकडे भिजवायचे, शिजवायचे, गाळायचे आणि त्याचा सरस करायचा, असा तो कारखाना. तुमच्या घरातल्या टेबलाचे पाय ज्याने जागच्या जागी धरून ठेवलेत, तोच हा सरस. भट्ट्या, वाळवणीच्या शेड, गोदाम आणि कचेरी हे सगळं चढावर आणि कातडी भिजवायचे हौद उतारावर. म्हणून हौदात काम करणारे ते ‘खालचे’ आणि बाकीचे ‘वरचे’. हा शब्द सुरुवातीला निव्वळ जागेसाठी होता, असं वरची माणसं सांगतात. असेलही. पण मग हौदवाल्याची पोर शाळेत दाराशी का बसवली जात होती? शाळेत कुठला आला हौद?

खालच्यांचा नळ वेगळा होता, फाटक वेगळं होतं आणि चहाचे मगही वेगळे होते, कॅन्टीनच्या मागच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेले. काम सुटलं की हौदवाला नळाखाली अंग घासघासून धुवायचा आणि मगच वरच्या कुठल्या वस्तूला हात लावायचा, मग ती दाराची कडी असो नाहीतर दुकानातली बरणी. लावू नकोस, असं सांगायची वेळ कुणावर येत नसे. लहानपणी हातावर एकदोनदा चापट बसली की मूल आयुष्यभरासाठी शहाणं होतं. आणि ती चापट मारणारा हात बहुतेक वेळा त्याच्या आईचाच असतो. ही या व्यवस्थेची खरी कमाल. वरच्याला स्वतःचा हातसुद्धा दुखवून घ्यावा लागत नाही.

तर अशा या कारखान्यात एका सकाळी स्ट्रेचर आलं. साधं नव्हे. नारिंगी रंगाचं, जाड पण लवचीक प्लास्टिकचं, चटईसारखं गुंडाळून खांद्यावर नेता येणारं. जखमी माणसाला त्यात सरळ निजवायचं, दोन्ही कडा अंगावर घ्यायच्या, पट्टे आवळायचे, की माणूस शेंगेतल्या दाण्यासारखा बंदिस्त. मग दोर लावून त्याला विहिरीतून, हौदातून, कुठूनही वर ओढून घ्या. पाठ वाकणार नाही की मान हलणार नाही.

ते विकणाऱ्या कंपनीचा माणूस शिकवायला आला होता. कचेरीपुढच्या फरशीवर, तारेच्या जाळीच्या आत, मॅनेजर, मुकादम, वॉचमन, फिटर आणि कचेरीतली माणसं गोल करून उभी राहिली. पेशंट म्हणून हजेरीच्या कारकुनाला निजवलं, बांधलं आणि कप्पीवरून वर खेचलं. कारकून घाबरून डोळे मिटून लोंबकळत होता आणि सगळे पोट धरून हसत होते. शिकवणारा मात्र पुन्हा पुन्हा एकच गोष्ट घोकून घेत होता. “पडलेल्या माणसाला वळवायचं नाही, बसवायचं नाही, ओढायचं नाही. आहे तसा उचलून चटई खाली सरकवायची. काय करायचं नाही?” “वळवायचं नाही,” सगळे शाळेतल्यासारखे म्हणाले.

हौदवाले जाळीच्या बाहेर उभे होते. हौदात पडणार कोण, तर हौदवाले. शिकवणी कुणाला, तर कचेरीला. बाहेरच्यांना भट्टीच्या पंख्यांच्या घरघरीत एक अक्षर ऐकू येत नव्हतं. त्यांना फक्त कारकुनाचा झोका दिसत होता.

त्या घोळक्यात फिरकी होता. खरं नाव त्याच्या बायकोशिवाय कुणाला आठवत नसेल. येईल त्याची फिरकी घेतो म्हणून फिरकी. दहा जणांची ताकद आणि वीस जणांचं तोंड. त्याची बायको हौदाच्या काठावरच्या शेडमध्ये कातड्याचे तुकडे निवडायची. तिला सगळी आळी वहिनी म्हणायची.

“साहेब, आम्हालाही एकदा झोका द्या की,” फिरकी जाळीला नाक लावून ओरडला.

“तुला? अरे, नवंकोरं आहे ते,” वॉचमन म्हणाला.

आतले हसले, बाहेरचे हसले. सगळ्यात मोठ्याने फिरकीच हसला. मग मॅनेजरने खिशातला रुमाल काढून प्लास्टिकवरचा कारकुनाच्या बुटाचा ठसा पुसला आणि स्ट्रेचर कचेरीच्या ओवरीत काचेच्या कपाटात टांगायला लावलं.

फिरकी पडला तो बऱ्याच दिवसांनी, भर दुपारी. हौद रिकामा करून तळाचा गाळ उपसायचं काम चाललं होतं. वर येताना शिडीच्या पायरीवरून त्याचा पाय सटकला आणि तो पाठीवर खाली आदळला, तळातल्या नाल्याच्या दगडी काठावर. गाळ होता म्हणून डोकं वाचलं. पाठ वाचली नाही, असं मी म्हणणार नाही, कारण त्या वेळी ती वाचली होती. हे लक्षात ठेवा.

त्याचा धाकटा भाऊ जवळच खोरं चालवत होता. तो धावला. शेडमधून वहिनी धावत आली आणि काठावरून वाकून बघायला लागली.

“काय झालं हो?” ती वरून ओरडली.

“काही नाही. जरा आडवा झालोय,” खालून फिरकी म्हणाला. तोंड वेडंवाकडं झालं होतं, पण बोलत होता. “कंबरेत कळ आलीय. मुकादमाला सांग, अर्धी रजा मांड.” आणि त्याने बायकोला दिसावं म्हणून दोन्ही पाय एकामागून एक हलवले. गाळात चुबुक चुबुक आवाज झाला. काठावरच्या बायकांना हायसं वाटलं.

स्ट्रेचर लगेच आलं. त्यात कुणाला खोट काढता येणार नाही. मुकादमाने कपाट उघडलं, वॉचमन आणि फिटर गुंडाळी घेऊन धावत आले, दोर आला, कप्पी बसली. मागोमाग मॅनेजरही आला. चौघे हौदाच्या तोंडाशी उभे राहिले आणि त्यांनी खाली पाहिलं.

खाली फिरकी होता. केसांपासून टाचांपर्यंत काळ्या-हिरव्या गाळाने माखलेला. कुजक्या कातड्याचा तो वास ज्यांनी घेतलाय त्यांनाच ठाऊक. आणि वॉचमनच्या हातात ती नारिंगी गुंडाळी, कोरी करकरीत.

वॉचमनने मुकादमाकडे पाहिलं. मुकादमाने मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरने स्ट्रेचरकडे पाहिलं आणि मग पुन्हा खाली, फिरकीकडे. कुणी काही बोललं नाही. बस, एवढंच झालं.

पण वहिनीला ती नजर कळली. जन्मभर तिने दुसरं काय केलं होतं? वरच्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलायच्या आत मागे सरायचं, हेच तर ती शिकली होती.

“थांबा साहेब, आत्ता धुते,” ती म्हणाली. अपराधी आवाजात म्हणाली, जणू पाहुण्यांपुढे उष्टं ताट राहून गेलं होतं.

ती बादली घेऊन शिडीवरून उतरली. दुसरी बादली दिराने ओढून घेतली. तिने नवऱ्याचं तोंड धुतलं, छाती धुतली, हात धुतले. पण चटईला लागणार होती ती पाठ. “भावजी, जरा कुशीवर घ्या त्यांना,” ती म्हणाली. दिराने भावाला खांद्याला धरून वळवलं. फिरकी ओरडला. “झालं हो, झालं, एवढी पाठ घासते,” वहिनी त्याला लहान मुलासारखं समजावत राहिली आणि फडक्याने त्याची पाठ घासत राहिली. मग दुसऱ्या कुशीवर. मग बसता करून मानेमागे. एकदा तो असा ओरडला की काठावरच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. त्यानंतर तो ओरडला नाही.

आणि वरचे चौघे? ते बघत होते. ‘काय करायचं नाही? वळवायचं नाही.’ हे चौघांनी एका सुरात म्हटलं होतं. चौघांना ठाऊक होतं. एकाने नुसतं “अगं, थांब” म्हटलं असतं, दोन शब्द, तर आज फिरकी आपल्या पायांनी चालत असता. पण चौघेही तोंडात मूग धरून उभे राहिले, कारण आतून चौघांनाही वाटत होतं की बाई करतेय ते बरंच करतेय.

धुऊन झाल्यावर मात्र सगळं शिकवल्याप्रमाणे झालं. फिटर खाली उतरला. चटई सरकवली, पट्टे आवळले, दोर ताणला. फिरकी सरळ, अलगद, न हेलकावता वर आला. पाठ जराही वाकली नाही. स्ट्रेचरवर डागही पडला नाही.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी त्याच्या तळव्याला सुई टोचली. पुन्हा टोचली. मग त्यांनी वहिनीला बाजूला बोलावलं.

“पडल्या पडल्या यांचे पाय हलत होते का?”

“हलत होते की. मला हलवून दाखवले.”

“मग नंतर यांना वळवलं कुणी?”

“वळवलं नाही बाई. धुतलं.”

“धुतलं?” डॉक्टरीणबाईंना आधी वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. “मणका मोडलेल्या माणसाला धुतलं? का?”

वहिनीने तोंड उघडलं. तिला उत्तर येत होतं, पण ते सांगायचं कसं, ते येत नव्हतं. जे हवेसारखं सगळीकडे असतं ते बोटाने दाखवता येत नाही. ती एवढंच म्हणाली, “घाण होती.” डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. अडाणी लोक, असं त्यांच्या मनात आलं. मनातलं चेहऱ्यावर दिसलंच, आणि वहिनीने तेही वाचलं.

पुढे चौकशी झाली. कचेरीत झाली, म्हणून वहिनी न्हाऊन, धुतलेलं नेसून गेली आणि सवयीने उंबऱ्यातच उभी राहिली. आत ये, असं तिला कुणी म्हटलं नाही. दिराला तर बोलावलंच नव्हतं.

“स्ट्रेचर वेळेवर आलं होतं का?” मॅनेजरने विचारलं.

“आलं होतं.”

“मग त्याला हलवलं कुणी?”

“मी.”

“धुवायला तुम्हाला कोणी सांगितलं? मी सांगितलं?”

“नाही साहेब.”

“मुकादमांनी? वॉचमनने? फिटरने?”

“नाही.”

“मग झालं तर.” मॅनेजर खुर्चीत मागे रेलला. आवाजात दया होती. “बाई, तुमच्याबद्दल आम्हाला वाईट वाटतं. पण सोय असून तुमच्या अज्ञानाने घात केला, त्याला कारखाना काय करणार?”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही. आणि मौज बघा, संन्याशालाही पटलं की चोर आपणच. वहिनी घरी आली ती मान खाली घालूनच.

घर म्हणजे उतारावरची एक खोली. खिडकीखाली फिरकी पडलेला असायचा. त्याचं तोंड बंद झालं होतं. दिवस दिवस तो छताकडे बघायचा. एकदा ती त्याचं अंग पुसत होती, तेव्हा तो हळूच म्हणाला, “एवढं घासायचं होतं, तर आधी मला विचारायचं तरी.” तो फिरकी घेत होता की खरंच म्हणत होता, ते तिला कळलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही. ती मोरीत जाऊन फडकं पिळत राहिली.

त्यांची लेक गावात शिंप्याच्या दुकानात काजं करायची. बापाच्या सेवेसाठी तिने ते काम सोडलं. एका संध्याकाळी तिच्या मनातलं बाहेर पडलं.

“मी तिथे असते ना आई, तर धुऊ दिलं नसतं.”

“तू असतीस तर दुसरी बादली तू आणली असतीस,” वहिनी म्हणाली.

लेकीला ते लागलं, कारण ते खरं होतं. दुकानात ती राहण्याचा पत्ता खोटा सांगायची आणि निघण्याआधी स्वतःचे हात हुंगून बघायची. पण खरं लागतं तेव्हा माणूस सांगणाऱ्यावरच चिडतो. ती आईशी बोलेनाशी झाली. दुपारी डबा पोचवायची, जाळीच्या दारावर टांगायची आणि पाठ फिरवायची.

खोली कारखान्याची होती. खोलीतलं एक माणूस हौदात उतरायला हवं, नाहीतर खोली सोडा, असा नियम; निवडणीचं काम त्यात धरत नसत आणि दिराची खोली वेगळी होती. तेव्हा वहिनी हौदात उतरली. नवऱ्याचं खोरं, नवऱ्याचीच शिडी. गाळ उपसताना ती रोज त्या दगडी काठापाशी यायची आणि रोज तिच्या मनात तोच प्रश्न घुमायचा. कोणी सांगितलं? कुणीच नाही. मग मी का धुतलं? तिला वाटायचं, आपल्याला वेड तर लागलं नव्हतं ना? नवऱ्याचे पाय आपण आपल्या हाताने तोडले आणि कारण विचारलं तर आपल्यापाशी एक शब्द नाही. दुसरं काहीही सोसलं असतं तिने. हे सोसवत नव्हतं.

आणि मग कारखान्यात पाहुणे येणार असं ठरलं. कामगारांच्या सुरक्षेची पाहणी करणाऱ्या अधिकारीबाई आणि त्यांच्याबरोबर माल घेणारे चार बडे लोक. कचेरीपुढची फरशी चकाचक झाली. स्ट्रेचर काचेच्या कपाटातून काढून मधोमध पसरलं. वेळ दुपारची. हौदवाले जाळीबाहेर उभे, वहिनी त्यांच्यात, कंबरेपर्यंत गाळाने भरलेली. जेवणाची सुट्टी व्हायची होती. जाळीच्या दाराशी लेक डबा घेऊन आली होती, नेहमीसारखी आईकडे न बघता.

या खेपेला भट्टीचे पंखे पाहुण्यांसाठी बंद ठेवले होते. त्यामुळे बाहेरही सगळं ऐकू येत होतं.

“मध्यंतरी आमच्याकडे एक अपघात झाला,” मॅनेजर सांगत होता. “आमची तयारी अगदी चोख होती. दुर्दैवाने घरच्यांनीच पेशंटला हलवलं. आता अज्ञानापुढे इलाज नाही. पण म्हणून आम्ही शिकवणं सोडलेलं नाही. पडलेल्या माणसाला वळवायचं नाही, हे आमच्या प्रत्येक माणसाला पाठ आहे.”

वहिनी ऐकत होती. वळवायचं नाही, हे यांना पाठ होतं? तेव्हाही होतं? तिने वॉचमनकडे पाहिलं. वॉचमनने मान दुसरीकडे वळवली. मग फिटरकडे पाहिलं. त्यानेही तेच केलं.

“चला, पेशंट कोण होतंय?” मॅनेजर हसत म्हणाला. कारकून नेहमीप्रमाणे बूट काढायला वाकला.

जाळीचं दार वाजलं. वहिनी आत आली होती. खालच्या फाटकाने नव्हे, पुढच्या दाराने. चकचकीत फरशीवर तिच्या पावलांचे काळे ठसे उठत गेले. ती कुणाशी काही बोलली नाही. स्ट्रेचरपाशी आली, बसली आणि त्या नारिंगी चटईवर सरळ उताणी निजली.

“बांधा,” ती म्हणाली.

कारकून काढलेला बूट हातात घेऊन मागे सरला. पाहुण्यांतल्या एकाने नाकाला रुमाल लावला.

“बाई, उठा. हे काय चाललंय?” मॅनेजर दबक्या आवाजात म्हणाला.

“पेशंट झालेय. हौदात पडणारे आम्ही, मग पेशंट आम्ही नको? बांधा आणि उचला.”

तिच्या अंगावरचा गाळ पट्ट्यांवर ओघळायला लागला, कडेवरून फरशीवर ठिबकायला लागला. मॅनेजर ते बघत होता. त्याचा चेहरा तांबडा झाला, आणि जे त्याने फिरकीच्या वेळी गिळलं होतं, चौकशीत पुसून टाकलं होतं, ते त्याच्या तोंडून सगळ्यांसमक्ष बाहेर पडलं.

“अगं, निदान आधी धुऊन तरी यायचंस!”

पंखे बंद होते. जाळीच्या आत आणि बाहेर, प्रत्येकाने ते ऐकलं.

वहिनीने डोळे मिटले. किती दिवसांनी तिचा श्वास मोकळा झाला. “ऐकलंत ना सगळ्यांनी?” ती पडल्या पडल्याच म्हणाली. “चौकशीत मला विचारत होते, धुवायला कोणी सांगितलं. मला नाव आठवत नव्हतं.”

अधिकारीबाई पुढे आल्या. “काय म्हणालात तुम्ही आत्ता?” त्यांनी मॅनेजरला विचारलं. मॅनेजरने मुकादमाकडे पाहिलं. मुकादम जमिनीकडे बघत होता. बोला की आता. तेव्हा न बोलून एका माणसाचे पाय घेतलेत, आता बोलायला काय होतंय?

मी हे लिहितो आहे ते त्या चौघांना फाशी द्या म्हणून नाही. वाचकहो, तुमच्या घरी झाडायला, उपसायला, उचलायला जे माणूस येतं, त्याला तुम्ही कधी “धुऊन ये” म्हटलं नसेल. तुम्ही सभ्य आहात. तुम्ही नुसतं पाहिलं असेल. मी त्या पाहण्याबद्दलच बोलतो आहे, आणि ते तुम्हाला चांगलं कळतंय.

फरशीवर मात्र कुणी पाहुण्यांसाठी थांबलं नाही. लेकीने डबा जाळीबाहेर ठेवला, आत आली आणि आईशेजारी गुडघे टेकून बसली. मागून दीर आला, हौदवाले आले, निवडणीच्या बायका आल्या. होते तशाच, न धुतलेल्या हातांनी. पट्टे कसे आवळायचे ते कुणालाच कधी शिकवलं नव्हतं. तेव्हा एकजण एक पट्टा ओढत होता आणि दुसरा भलत्याच कडीत अडकवत होता.

“असं नाही. छातीवरचा पट्टा आधी,” कारकून म्हणाला. हातातला बूट खाली ठेवून तो पुढे आला, बायकांच्या मध्ये बसला आणि गाळाने बरबटलेला तो पट्टा त्याने स्वतःच्या हाताने कडीत घातला. गाळ त्याच्या मनगटापर्यंत आला. पण त्याने हात मागे घेतला नाही.

दोर ताणला. चटई फरशीवरून सुटली. वहिनीच्या पायाला एक झटका बसला तशी लेक दचकली आणि तिने दोन्ही हातांनी आईचं डोकं धरलं. कितीतरी दिवसांनी ती आईशी बोलली.

“हलू नकोस आई. आहेस तशीच राहा. आम्ही उचलतोय.”